हिरवी पावडर, दुपारची पाळी

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

संचिताने आज जपानी चहाची पावडर आणली. तिला माचा म्हणतात. हिरव्या चहाची पाने वाफवून, वाळवून दगडी जात्यावर अगदी मऊ दळतात. गाळायची भानगड नाही, सगळीच पोटात जाते. शंभर ग्रॅमचा चपटा डबा. झाकण उघडून तिने तो माझ्या नाकाशी धरला.

"बाबा, ओळखा कसला वास?"

"ओल्या गवताचा," मी म्हणालो.

खरे म्हणजे मी वास घेतलाच नव्हता. श्वास धरून ठेवला होता. एकतीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्यात काढली, बारीक पावडर दिसली की श्वास आपोआप थांबतो. सवय.

तिची ऐरोलीची नोकरी ऑगस्टमध्ये गेली, तेव्हापासून ती ठाकुर्लीच्या या घरात माझ्यासोबत आहे. आधी महिनाभर नुसती झोपायची. मग केक शिकली. आता म्हणते, घरूनच माचाचे पदार्थ करून विकायचे. केक, कुकी, नानकटाई. "चॉकलेट काय, गल्लीगल्लीत मिळतं बाबा. हे डोंबिवलीत कोणी करत नाही, आणि ठाण्यातल्या मुली तर वेड्या झाल्यात त्याच्यासाठी."

मी म्हणालो, कर. संचिताची आई, विमल, असती तर म्हणाली असती, चहात साखर घालायची सोडून साखरेत चहा घालताय. तिला जाऊन तीन वर्षे झाली. तिची भांडी आज पहिल्यांदा माळ्यावरून खाली आली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला केक शेवाळी झाला. जुन्या खाकी पँटसारखा. संचिता रडकुंडीला आली. मी म्हणालो, थांब. पोटमाळ्यावर चढून जुनी वही काढली. पानांतला हिरवा रंग उष्णतेला टिकत नाही, एवढे रसायनशास्त्र मला अजून येते. ओव्हन एकशे ऐंशीवर होता, तो एकशे पन्नासवर आणायला लावला. वरून फॉइल. आणि पावडर मैद्याबरोबर तीनदा चाळायची, गाठ राहिली की तिथे काळपट ठिपका पडतो.

चौथा केक असा उतरला की बघत राहावे. कारखान्यात आम्ही नमुन्याशेजारी ठेवून छटा जुळवायचो, तसे चारही तुकडे खिडकीत ओळीने मांडले. संचिताने फोटो काढले.

"तुम्ही माझे क्वालिटी मॅनेजर," म्हणाली.

"मी उत्पादनात होतो. दुपारच्या पाळीचा सुपरवायझर."

"तेच हो."

चाळायचे काम माझ्याकडे आले. मी दोन अटी घातल्या. चाळताना गॅस बंद, आणि भिंतीतला पंखा चालू. ती हसली. "बाबा, चहा आहे तो, दारूगोळा नाही."

मी तिला समजावले की पीठ असो, साखर असो, रंग असो, भुकटी हवेत तरंगायला लागली की तिला एक ठिणगी पुरते. आगपेटीचीही गरज नसते. कपड्याला कपडा घासला तरी होते. ती म्हणाली, बरं, बरं. मी बहुधा जरा मोठ्याने बोललो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोणीस ऑर्डरी. बहुतेक ठाण्याच्या, दोन कल्याणच्या. संचिता पोचवायला गेली होती. मी दुपारी एकटाच. चाळणी चालू असताना मागे कोणीतरी खोकले. कोरडा, तीन वेळा, मग घसा खाकरल्याचा आवाज.

घड्याळ पाहिले. तीन चाळीस.

शेजारच्या घरातून आला असेल. या इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तीन चाळीस. पुन्हा. शेजारचे कुटुंब गावी गेले आहे, दाराला कुलूप आहे. मी जाऊन पाहून आलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पंखा लावायच्या बटणावर आज हिरव्या बोटांचे ठसे दिसले. नीट नोंद करून ठेवतो. तीन बोटे, उजव्या हाताची, मधले ठळक. बटण बंद होते. चाळताना मी ते चालू केले होते हे मला पक्के आठवते. मग जेवून पडलो. उठलो तेव्हा बंद.

संचिता सकाळपासून बाहेर होती.

ओल्या फडक्याने पुसले. हात धुताना पाहिले तर माझ्याही नखांत हिरवे होते. ते साहजिकच आहे, चाळणी मीच चालवतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठसे परत आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संचिताशी वाद झाला. ती आज लवकर परत आली होती. म्हणते, "बाबा, तुम्ही मगाशी पंख्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद का करत होतात? मी दारात उभी राहून दहा मिनिटं बघतेय."

मी म्हणालो, मी झोपलो होतो.

"डोळे उघडे होते तुमचे."

"मग मला आठवलं नसतं?"

तिने चहा ठेवला. थोड्या वेळाने अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, रात्री झोप लागते का, नावे वगैरे विसरता का. मुलीला कामाचा ताण आला आहे. डिसेंबरच्या ऑर्डरी घेताना जपून घे असे सांगायला हवे.

बाहेर जाताना आता ती सिलिंडरचे बटण बंद करून जाते. चांगली सवय. माझ्याकडून शिकली.

२ डिसेंबर, मंगळवार

आज फार वाईट झाले.

ठाण्याच्या बिट्रिसबाईंनी नाताळासाठी साठ डबे सांगितले आहेत. त्यांच्या घरी सगळे जमतात, दरवर्षी तोच तो प्लम केक खाऊन नातवंडे कंटाळली म्हणे. संचिता आनंदात होती. गाणे लावून काम करत होती. मी पेपर वाचत होतो. सहज मान वर केली तर ती ओट्याशी उभी राहून चाळत होती आणि दोन हातांवर गॅसवर दूध उतू जायच्या बेतात होते. पंखा बंद. खिडकीतून ऊन आत आलेले, त्या उन्हाच्या पट्ट्यात हिरवी भुकटी उभीच्या उभी तरंगत होती.

मी ओरडलो. नंतर संचिताने सांगितले की मी काय ओरडलो. "दगडू, थांब!"

मी तिच्या हातातली चाळणी फेकून दिली. तिचा हात ओट्यावर आपटला. मनगट सुजले आहे.

बर्फ लावताना तिने विचारले, "बाबा, दगडू कोण?"

"कारखान्यातला एक कामगार."

"काय झालं त्याचं?"

"अपघात झाला. जुनी गोष्ट आहे."

मी फरशीवरची पावडर गोळा केली. पुसली तसतशी ती आणखी पसरत गेली.

३ डिसेंबर, बुधवार

मनात गोंधळ नको म्हणून एकदा लिहून काढतो.

दिनांक ९ डिसेंबर २००३ रोजी, मंगळवारी, दुपारच्या पाळीत तीन चाळीसच्या सुमारास दळण विभागात हिरव्या रंगाच्या पावडरीने पेट घेतला. त्यात कामगार दगडू मढवी, राहणार आंबिवलीजवळ, वय एकतीस, हा गंभीर भाजला आणि दुसऱ्या दिवशी वारला. चौकशी झाली. सदर कामगारास कामाच्या जागी बिडी ओढण्याची सवय होती असे निष्पन्न झाले. पाळीचा सुपरवायझर म्हणून माझा जबाब घेतला गेला. त्यानंतर आठ वर्षांनी कारखाना बंद पडला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

एवढेच आहे. बावीस वर्षांपूर्वीचे. चौकशी पूर्ण झालेली आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

नऊ तारीख. वारही तोच.

कल्याणला एक डबा पोचवायचा होता. संचिताला म्हणालो, मी जातो. तिला ते फारसे पसंत नव्हते, पण तिचे मनगट अजून दुखते. पत्त्यावर डबा दिला. एक जादा डबा पिशवीत होता. तो कसा आला आठवत नाही. कल्याणहून आंबिवली दोनच स्टेशने ना, शहाडनंतर. गेलो.

घर कुठे आहे हे मला माहीत होते. २००३ साली मी तिथवर गेलो होतो, रस्त्यावर उभा राहून प्रेत जाताना पाहिले होते आणि परत आलो होतो. तेव्हा कुडाचे होते, आता विटांचे आहे. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले.

"चुरीसाहेब ना तुमी?"

मी कधी तिच्याशी बोललो नव्हतो. तिने मला चौकशीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकात पाहिले होते म्हणे. बायजा तिचे नाव. तिने बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. मी डबा पुढे केला. तिने उघडला. आत हिरवा केक. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग झाकण लावले.

"ह्या रंगाचं मी काय खात नाय, साहेब. राग नका मानू. तो घरी यायचा तवा त्याचे अंगाचं पानी असंच जायचं मोरीतून. उशीवर पन डाग."

मी म्हणालो, चूक झाली. मला कळायला हवे होते.

मग ती आपणहून बोलू लागली. भिंतीवर दगडूचा फोटो नव्हता. देव होते, मुलीचा पदवीचा फोटो होता, त्याचा फोटो नव्हता. माझी नजर तिने पाहिली असावी.

"आई एकवीरेला शब्द दिलता त्यानं," ती म्हणाली. "लगीन होवून सात वर्सां पोर नव्हती. पोर झाली तर बिडीला हात लावनार नाय, असा. ऐश्वर्या झाली नि सोरली. घरात वास नाय, कपड्याला वास नाय. मना वाटलं, मानूस सुधारला. नि तुमचे कंपनीत चोरून ओढत होता! देवीला फसवलंन, मना फसवलंन. म्हनून तिनं नेला त्याला." ती सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडू लागली. "दर चैताला डोंगर चढतंय मी. पायरीला नाक घासतंय त्याचे वतीनं. बावीस वर्सां. त्याचा फोटो नाय लावला. पोरीला काय सांगू, तुजा बाप खोटारडा होता?"

मी पाणी संपवले. म्हणालो, गाडीची वेळ झाली.

१० डिसेंबर, बुधवार

बायजाबाई ठीक आहेत. घर पक्के आहे. मुलगी शिकली आहे. गेलो ते बरे झाले, मनावरचे ओझे उतरले.

खोकला आज तीन चाळीसला सुरू झाला आणि पाच वाजेपर्यंत चालू होता.

१३ डिसेंबर, शनिवार

आज फोन आला. डब्याच्या चिठ्ठीवर आमचा नंबर असतो. संचिता अंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. एका मुलीचा आवाज.

"काका, मी ऐश्वर्या. आंबिवलीची. आईने नाही खाल्ला, पण मी सगळा खाल्ला. एकदम भारी होता हां."

मी म्हणालो, धन्यवाद.

"काका, एक विचारू? तुम्ही पप्पांचे साहेब होते ना. मी नऊ महिन्यांची होती ते गेले तेव्हा. आई काहीच बोलत नाही. काका पण नाही, धोंडीबाकाका, पप्पांचं नाव काढलं तरी थुंकतात. तुम्ही त्यांना रोज बघायचे. कसे होते ते?"

मी म्हणालो, मेहनती होता. म्हणालो, बेल वाजते आहे, आणि फोन ठेवला.

तीन तारखेला लिहिलेले वर वाचले. त्यातला एक शब्द खोटा आहे. 'निष्पन्न झाले.' निष्पन्न काही झाले नव्हते. मी सांगितले.

खरे असे आहे. दळण विभागातली भुकटी ओढून नेणारा पंखा आठ दिवस बंद होता. मोटर जळाली होती, दुरुस्तीला गेली होती. मला माहीत होते, त्या कागदावर माझीच सही होती. त्या संध्याकाळी परदेशी जाणारा माल निघायचा होता. दोनशे किलो दळायचे राहिले होते. दगडू तोंडाला ओला पंचा बांधून माझ्या केबिनच्या दाराशी आला. खोकत होता. म्हणाला, साहेब, आत माझाच हात मला दिसत नाय. पंखा येऊ दे, मग दळतो. मी म्हणालो, दार उघडं ठेव आणि उरक आजच्या आज.

मग मी चहा प्यायला गेलो. कप अर्धा झाला होता. आवाज मोठा नव्हता. भप्प, एवढाच. कोणी ओले कांबळे झटकावे तसा.

त्याने बिडी सोडली होती हेही मला माहीत होते. मुलगी झाली तेव्हा पेढे देताना त्यानेच सांगितले होते. उरलेले बंडल त्याने माझ्यासमोर नाल्यात टाकले होते. मॅनेजर म्हणाले, चुरी, पंख्याचं बाहेर आलं तर आधी तुम्ही आत जाल. घरी मुलगी आहे तुमच्या. कामगार बिडी ओढायचे की नाही? मी म्हणालो, काही ओढायचे. ते म्हणाले, झालं तर मग.

१४ डिसेंबर, रविवार

संचिताने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मेंदूचे डॉक्टर, कल्याणला. मी म्हणालो, नाताळनंतर जाऊ. ती म्हणाली, बाबा, काल तुम्ही तासभर मोरीत हात धूत होतात. मी म्हणालो, रंग निघत नव्हता. तिने माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"कुठे आहे रंग?"

मी तिला नखे दाखवली. तिला काही दिसले नाही. तिच्या डोळ्यांची तपासणी करून घ्यायला हवी. दिवसभर मोबाइलवर ऑर्डरी बघत असते.

१७ डिसेंबर, बुधवार

आज ऐश्वर्याला मी स्वतः फोन केला. म्हणालो, तुझ्या आईला आणि काकांना सांग, मी रविवारी सकाळी येतो आहे. काम आहे. ती म्हणाली, केक आणणार का? मी म्हणालो, नाही.

जबाब लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा ठेवला.

संचिता म्हणते, तुम्ही एकटे कुठेही जायचे नाही, मी सोबत येणार. मी म्हणालो, ऑर्डरी आहेत. ती म्हणाली, पहाटे उठून करीन. तिला अजून काहीच सांगितलेले नाही. तिथेच ऐकेल. दोनदा तोंडातून काढण्याची माझी हिंमत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

अंगणात पाच खुर्च्या मांडल्या होत्या. बायजाबाई, ऐश्वर्या, दगडूचा धाकटा भाऊ धोंडीबा. तो पन्नाशीचा, अंगाने ताठ. संचिता माझ्या शेजारी. ऐश्वर्याने तिच्याशी लगेच गप्पा सुरू केल्या, तुम्हीच बनवता का, ओव्हन कुठला. मी म्हणालो, आधी मला वाचू दे.

उभा राहून वाचले. कागद दोन्ही हातांनी धरला. पंख्याची मोटर, आठ दिवस, माझी सही, दोनशे किलो माल. 'दगडू मढवी याने बिडी सोडलेली होती. ही गोष्ट मला माहीत होती. तरीही तो बिडी ओढत असल्याच्या खोट्या जबाबावर मी सही केली.'

धोंडीबा मध्येच उठला. खुर्ची मागे पडली. माझ्या सदऱ्याला हात घालणार तोच बायजाबाई म्हणाल्या, "बस. वाचू दे त्याला."

"वयनी, ह्यो मानूस..."

"बस म्हनते ना! बावीस वर्सां तू बोललास नि मी आयकलं. आता तू आयक."

तो बसला नाही. पण भिंतीला टेकून उभा राहिला. वाचून झाले. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. संचिताकडे मी पाहिले नाही.

मग ऐश्वर्याने विचारले, "पप्पा शेवटचं काय बोलले?"

कागदात ते नव्हते. मी सांगितले. साहेब, पंखा येऊ दे, मग दळतो.

"आणि तुम्ही काय म्हणाले?"

तेही सांगितले.

ती ओठ चावत राहिली. तिच्या आईने माझ्या हातातला कागद घेतला. तिला वाचता येत नाही, ऐश्वर्याने नंतर संचिताला सांगितले. तरी तिने तो ओळीवर बोट ठेवत वरपासून खालपर्यंत पाहिला.

"बिडी खयी लिवलंय?" तिने मुलीला विचारले. ऐश्वर्याने दाखवले. तिने तिथे बोट टेकवले.

"म्हंजे शब्द मोरला नव्हता त्यानं."

"नाही," मी म्हणालो.

"पुन्हा बोला."

"नाही मोडला."

"धोंड्या, तू पन आयक. साहेब, पुन्हा."

पाच वेळा तिने माझ्याकडून म्हणवून घेतले. पाचव्या वेळी धोंडीबा भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. बायजाबाई रडल्या नाहीत. कागदाची घडी घालून चोळीत ठेवली आणि म्हणाल्या, "तो तिकरं वर देवीचे पायाशी असंल, तर मी बावीस वर्सां त्याचे नावानं माफी मागतंय ती आयकून त्याला काय वाटलं असंल? त्याचा इचार केलात कवा?"

मी म्हणालो, नाही.

"जा आता. परत येव नका. पोरीचा काय दोष नाय, ती आली तर चालंल. तुमी नाय."

मी कपाळाशी हात जोडले. त्यांनी तोंड फिरवले.

परतीच्या गाडीत संचिता खिडकीकडे तोंड करून बसली.

२२ डिसेंबर, सोमवार

तीन चाळीसला खोकला. मी ओट्याशीच उभा होतो. मला वाटले होते, आता थांबेल.

२४ डिसेंबर, बुधवार

बिट्रिसबाईंचे साठ डबे गेले. त्या स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. हिरव्या केकवर पांढऱ्या चॉकलेटची नक्षी, फार सुंदर दिसत होते. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या हाताला देवाने गुण दिला आहे. संचिता हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्या गेल्या आणि तिचा चेहरा परत मिटला.

तीन दिवस ती कामापुरते बोलते. चाळणी आता माझ्या हाती देत नाही.

दुपारी ती ओट्याकडे तोंड करून भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे वाचलंत, 'जबाबावर सही केली.' जबाब लिहिला, असं नाही वाचलंत."

मी पेपरची घडी घातली.

"कोणी लिहिला होता?"

मला म्हणता आले असते, मॅनेजरने. तोंडापर्यंत आले होते. तो माणूसही आता हयात नाही.

"तुझ्या आईने," मी म्हणालो. "माझा हात थरथरत होता. अक्षर लागत नव्हतं. तिचं अक्षर चांगलं होतं."

"तिला माहीत होतं? खोटं आहे ते?"

"मी सांगत होतो, ती लिहीत होती. बिडीपाशी येऊन थांबली. विचारलं, हे खरं आहे का हो? मी म्हणालो, तू लिही. मग तिने लिहिलं."

नळ चालू होता. संचिताने तो बंद केला नाही. हात पुसले आणि फरशीवर बसली, ओट्याला पाठ टेकून. केसांना मैदा लागला होता.

"२००३ साली मी सहावीत होते," ती म्हणाली. "गणिताच्या पेपरवर तुमची खोटी सही केली होती. आईने पकडली. मारलं नाही. नुसती बोलायची बंद झाली. दिवाळीनंतर, थंडी होती. किती दिवस ते आठवत नाही, पण खूप. ताट वाढायची आणि आत जायची."

मी म्हणालो, मला हे आठवत नाही.

"तुम्हाला कसं आठवेल? ती तुमच्याशीही बोलत नव्हती. घरात कोणीच कोणाशी बोलत नव्हतं." तिचा आवाज फुटला. "आणि मला वाटायचं, हे सगळं मी सही केली म्हणून आहे. मी देवापुढे रोज उठाबशा काढायचे बाबा. दहावीपर्यंत."

मी उठलो. गुडघे दुखतात, खाली बसायला वेळ लागतो. तिच्या शेजारी फरशीवर बसलो. ती सरकली नाही. जवळही आली नाही. नळ तसाच वाहत होता. मी तिला म्हणालो, "तुझ्यामुळे नव्हतं."

ती म्हणाली, "पुन्हा बोला."